मागच्या दिव्यांची तीट

ऑस्ट्रेलियातला पोलीस दंडसुद्धा इतक्या प्रेमाने करतो की, ह्याला आता घरी जेवायला बोलवावं की काय, असं वाटतं. माझ्या लेकीला त्याने एअरपोर्टकडून येणाऱ्या रस्त्यावर भर दुपारी थांबवलं. "हाउ आर यू गोइंग, मेट?" अशी चौकशी केली, युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, काय शिकतेस ते विचारलं, आणि मग दंडाचा कागद हातात ठेवला. सोबत दुसरा कागद: सरळ घरी जा, आणि गाडी दुरुस्त करून तपासणी केंद्रातून पास करून घेईपर्यंत, तिथे नेण्यापुरती सोडून, पुन्हा रस्त्यावर आणू नकोस. ती रडकुंडीला येऊन "सॉरी" म्हणाली, तर हा म्हणतो, "नो वरीज." अहो, वरीज नाहीत तर कागद कशाला देताय?

गुन्हा काय, तर गाडीचे मागचे दिवे काळे. लाल दिव्यांवर कुणीतरी काळपट फिल्म चिकटवली होती. ब्रेक मारला तरी मागच्याला नीट कळणार नाही, अशी. आणि ते "कुणीतरी" म्हणजे खुद्द माझी लेकच होती. ही मुलगी पिवळा सिग्नल दिसला की लाल व्हायच्या आत थांबते. वाचनालयाचं पुस्तक एक दिवस उशिरा गेलं तर हिला झोप लागत नाही. तिने हे गुंडांसारखे उद्योग का करावेत, मला काही कळेना.

लेक जन्मली इथेच, डार्विनला. घरात मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. "जेवलीस का?" "येप." "काय जेवलीस?" "फूड." मीही मग नाद सोडला. आधी रविवारच्या मराठी वर्गाला नेऊन पाहिलं. तिथे मुलं एका कोपऱ्यात इंग्रजीत खेळायची आणि आईबाप दुसऱ्या कोपऱ्यात घरांच्या किमतींवर बोलायचे, तेही इंग्रजीतच. मराठीत फक्त समोसे होते, आणि तेही म्हणे एका पंजाबी बाईंकडून यायचे.

मग जूनमध्ये सासूबाई आल्या. पुण्याहून, हिवाळा म्हणून दोन स्वेटर आणि कानटोपी घेऊन. इथल्या हिवाळ्यात आम्ही पंखा लावून झोपतो, हे मी त्यांना फोनवर सांगितलं होतं, पण सुनेचं ऐकायची त्यांच्याकडे पद्धत नाही. इंग्रजी त्यांना येतं "थँक्यू" आणि "टॉयलेट" एवढंच. म्हणजे नातीला गत्यंतरच उरलं नाही. ती मराठी बोलायला लागली.

आणि काय बोलायची! "आजी, तुझा साडी खूप छान आहे." "आजी, मी भूक आहे." सासूबाई एकदाही हसल्या नाहीत. नुसतं उत्तर द्यायच्या, "भूक लागली? थांब, थालीपीठ लावते." पुढच्या वेळी पोरगी बरोब्बर म्हणायची, "आजी, भूक लागली." दोघी मागच्या ओसरीत तासन् तास बसायच्या. मी ओट्यापाशी नळ बंद करून ऐकत राहायची. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी यायचं. त्या सबंध मुक्कामात मला दुसरं काहीसुद्धा नको होतं. हे बोलणं थांबू नये, बस्स.

त्यातच लेकीने गाडी घेतली. सुपरमार्केटात पार्टटाइम काम करून साठवलेल्या पैशांतून, जुनीच, पण लालचुटूक. बदली होऊन निघालेल्या एका लष्करी कुटुंबाकडून मिळाली. सासूबाईंनी ड्राइव्हवेमध्ये नारळ फोडला. शेजारचा धावत आला, सगळं ठीक आहे ना म्हणून.

तर दंड झाला त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात चौकशी बसली. माझा नवरा सरकारी खात्यात इंजिनिअर, त्यातून पुण्याचा. म्हणजे नियम मोडला ह्याचं दुःख कमी, आणि कुठला नियम, कलम कितवं, ह्याचं कुतूहल जास्त. त्याने चष्मा लावून दोन्ही कागद वाचले आणि विचारलं, "हे दिवे काळे करायला तुला सांगितलं कुणी?"

लेक म्हणाली, "आजीने."

सासूबाईंच्या हातातला झारा तसाच राहिला. "मी? अगं, मी कशाला सांगू दिवे काळे करायला? मला काय वेडबिड लागलंय?"

"आजी, तूच बोललीस! गाडी लोकांच्या डोळ्यांत खुपते. मागच्या बाजूला टिंट लाव."

मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सासूबाईंनी सांगितलं होतं, तीट लाव. काजळाचा ठिपका. बाळाच्या गालावर, नाहीतर कानामागे लावतात, तशी गाडीलाही मागे, कुणाला दिसेल न दिसेल अशी. दृष्ट लागू नये म्हणून. पण ह्या पोरीला तीट ठाऊकच नव्हती. तिला तीट लावायचं काम ती तान्ही असताना माझं होतं, आणि तेव्हा मी हॉस्पिटलमधल्या ड्युट्या करत होते. तिने ओळखीचा शब्द ऐकला: टिंट, म्हणजे गाडीच्या काचांवरची काळपट फिल्म. आणि डोळ्यांत खुपणं म्हणजे डोळ्यांना टोचणं, म्हणजे उजेडाचा त्रास होणं. मागच्या काचेला टिंट आधीपासूनच होता, इथल्या उन्हात तो सगळ्यांच्याच गाड्यांना असतो. मग मागे उरलं काय, ज्याचा उजेड लोकांच्या डोळ्यांत जाईल? दिवे. एकेक पायरी अगदी बिनचूक! फिल्म मागवली, हेअर ड्रायरने गरम करून स्वतः चिकटवली, आणि आत येऊन सांगितलंही, "आजी, लावलं." आजी म्हणाल्या होत्या, "शाब्बास."

हसू मलाही आलं, नाही म्हणत नाही, पण मी ते ओट्याकडे तोंड करून आटोपलं. नवरा मात्र खुर्चीतून पडायचा बाकी होता. चष्मा काढून डोळे पुसले, परत लावला, परत काढला. "टिंट! तीट! अरे देवा, काय जबरदस्त आहे हे!" तेवढ्यावर भागलं असतं तर नवरा कसला? त्याने ते घरच्या ग्रुपवर टाकलं. कॉलेजच्या ग्रुपवर टाकलं. इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकलं. लेकीच्या गाडीच्या फोटोसकट.

शनिवारी समुद्रकाठच्या बागेत मंडळींचं जेवण होतं. आम्ही मिसळीचा डबा घेऊन पोचतोय न पोचतोय तोच एक काकू ओरडल्या, "आली गं आली, आमची टिंट आली!" सगळे फिदीफिदी हसले. एका डॉक्टरसाहेबांनी तिला बाजूला घेऊन तीट म्हणजे काय हे समजावून सांगितलं, अगदी हळू, एकेक शब्द सुटा करून, जणू ती बहिरीच आहे. त्यांची स्वतःची मुलं तेव्हा शेजारी "डॅड, कॅन वी गो?" करत उभी होती, पण ती गोष्ट वेगळी. त्यांच्या मुलांनी आयुष्यात एक मराठी शब्द चुकवला नाही, कारण बोललाच नाही. आणि नवरा? तो गोष्ट परत पहिल्यापासून सांगत होता, हावभावांसकट. लेक हसली, मिसळ खाल्ली, पेपर प्लेट कचऱ्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी विचारलं, "चहा घेतेस का गं?"

"नो थँक्स, आजी."

मी नळ बंद केला. पुढे काही आलंच नाही.

त्यानंतर सगळं असंच. "ऑल गुड, आजी." "मेबी लेटर, आजी." शिष्टपणा म्हणून नव्हे हो, आवाज अगदी गोड. पण इंग्रजीत. सासूबाई मला विचारायच्या, "तिला बरं नाही का?" त्यांच्या परतीच्या बॅगा भरायची वेळ जवळ येत चालली होती, आणि त्या ओसरीत एकट्या बसून कुंडीतल्या कढीपत्त्याशी बोलायला लागल्या होत्या.

मी नवऱ्याला धरलं. तो म्हणाला, "अगं, गंमत होती. एवढं काय मनाला लावून घ्यायचं?"

"असं? आणि इथल्या पहिल्या नोकरीत तुझ्या 'डेव्हलपमेंट'च्या उच्चाराला हसले होते, तेव्हा? महिनाभर मीटिंगमध्ये तोंड उघडलं नव्हतंस. मनाला लावून घेतलं नव्हतंस ना? घसा बसला होता बहुतेक."

मग प्रायश्चित्त म्हणून त्याने काय करावं? लेकीजवळ जाऊन दोन शब्द बोलावेत? छे! लॅपटॉप उघडून त्याने दंडाविरुद्ध अर्ज लिहायला घेतला. चांगला चार पानी. त्यात एक पान तीट ह्या प्रथेवर. इथल्या नॉर्दर्न टेरिटरीच्या पोलिसांनी वाचून धन्य व्हावं, इतकं सुंदर इंग्रजी.

दरम्यान फिल्म काढायचं काम दोघी बायकांनी केलं. लेक हेअर ड्रायर धरायची, सासूबाई नखाने कड उचलायच्या. "मोअर हीट, आजी." "हं." "स्लोली." "हं." एवढंच संभाषण. मी खिडकीतून बघत होते, आणि मला त्या डॉक्टरसाहेबांच्या गाडीला, पुढून मागून, डांबर फासावंसं वाटत होतं.

तपासणीच्या दिवशी आम्ही चौघंही गेलो. नवरा चार पानांची फाइल घेऊन, तपासनीसाला वाचून दाखवायला. सासूबाई का आल्या, माहीत नाही. "मी पण येते" म्हणाल्या आणि कानटोपीसकट मागे बसल्या.

तपासनीस म्हणजे हाफ पँट, पोटरीपर्यंत मोजे आणि छातीपर्यंत पांढरी दाढी. नवऱ्याने फाइल उघडताच त्याने "यू राइट, मेट?" असं म्हणून त्याला बाजूच्या बाकावर बसवलं. मला तो माणूस तिथेच आवडला. लेकीला ब्रेक दाबायला लावला, दिवे लाल, स्वच्छ. इंडिकेटर ठीक. मग तो गाडीमागे वाकला आणि वाकलेलाच राहिला. बंपरच्या खाली अंगठ्याने काहीतरी घासलं, अंगठा नाकाशी नेला.

"व्हॉट्स दिस, देन? ऑइल?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या निर्विकार. पण उजव्या हाताचं बोट काळं होतं. बाई सकाळी आमच्या आधी उठून गाडीमागे जाऊन आल्या होत्या! मी तोंड उघडणार, तेवढ्यात लेक गाडीतून उतरून मागे गेली, तो ठिपका बघितला, आजीचं बोट बघितलं.

"नॉट ऑइल," ती म्हणाली. "दॅट्स तीट."

"टिंट?" त्याने पेन उचललं. "थॉट यू टुक दॅट ऑफ, लव्ह."

"नॉट टिंट. तीट."

"टिंट."

"नो. लिसन. ती-ट."

तो मन लावून म्हणाला, "टीट." मग आपण एका तरुण मुलीसमोर इंग्रजीत बायकांच्या कुठल्या अवयवाचं नाव घेऊन बसलो हे त्याच्या ध्यानात आलं आणि दाढीच्या वरचा सगळा भाग गाडीच्या रंगाचा झाला. "सॉरी, डार्लिंग. आय डिडन्ट मीन—"

लेक खो खो हसायला लागली. कितीतरी दिवसांनी. हसता हसता वळली आणि म्हणाली, "आजी, ह्याला पण नाही येत गं! तू सांग ना त्याला."

सासूबाई पुढे झाल्या, तोंड उघडून जिभेचं टोक दाताला टेकवून दाखवलं, "तऽऽ." त्या दाढीवाल्याने पेन खिशात ठेवून जीभ बाहेर काढली. नवऱ्याने सवयीने मोबाइल काढला होता. मी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. त्याने तो खिशात ठेवला.

गाडी पास झाली. दंड काही माफ झाला नाही, चार पानं तशीच परत आली. लेक चालवत होती, शेजारी नवरा, मागे आम्ही सासूसुना. सिग्नलला थांबल्यावर तिने आरशात आजीकडे बघून विचारलं, "आजी, खुपणं म्हणजे एक्झॅक्टली काय?"

सासूबाईंनी जरा विचार केला. "डोळ्यांत खुपतं ते लोकांना, आपलं चांगलं बघून. आणि दुसरं इथे खुपतं." त्यांनी छातीवर हात ठेवला. "आपल्याच माणसाचं काहीतरी आत टोचत राहतं, ते."

सिग्नल हिरवा झाला. पोरीने पुढे बघत, सावकाश, एकही शब्द न चुकता म्हटलं, "बाबा, तू सगळ्यांसमोर हसलास, ते मला खुपलं."