हसीनाबीच्या हातांचा मुहूर्त

धुळ्यापासून अर्ध्या तासावर, हायवेला लागून असलेल्या त्या गावात कुणाच्या मनगटाचं माप काय, हे त्या बाईला स्वतःला माहीत नसलं तरी हसीनाबीला माहीत असायचं. रस्त्यानं जाणाऱ्या पोरीकडे एक नजर टाकायची आणि सांगायची, "दोन-चार." चार वर्षांनी तीच पोर बाळंतपणाला माहेरी आली की म्हणायची, "आता दोन-सहा." तीस वर्षं तिनं गावाच्या हातांत बांगड्या भरल्या. अंगठ्याच्या मुळाशी बोटं रुतवायची, हाडं जरा हलवायची, बाईला सासूबद्दल काहीतरी विचारायचं आणि ती सांगण्यात रमली की चार बांगड्या एकदम आत. दुखलं म्हणून कुणी ओरडलं नाही, ओरडलं ते सासूच्या नावानं.

आणि याच बाईचे हात आखडले. दुखणं आलं ते चोरपावलांनी. आधी बोटांचे सांधे सुजले, मग मनगटं. धुळ्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, संधिवात म्हणाले, आणि हा बरा होणारा नाही, सांभाळायचा आहे, असंही सांगून टाकलं. आठवड्यातून एकदाच घ्यायची एक गोळी दिली. ती घेतली की दुसरा अख्खा दिवस मळमळीत जायचा. दोन वर्षं झाली या गोष्टीला. गेल्या दिवाळीपासून तर तिनं बांगड्यांची पेटी खाटेखाली सरकवली ती सरकवलीच.

सकाळ सगळ्यात वाईट. नळ फिरत नाही, सलवारीची नाडी बांधता येत नाही, चहाची कपबशी दोन्ही तळव्यांत धरून उचलावी लागते. मुलगा साकिब नाशिकला कंपनीत, सून त्याच्याबरोबर. म्हणजे घरात ही आणि जब्बारभाई. जब्बारभाईंचा धंदा गाद्या-रजया भरण्याचा. जन्मभर कापूस पिंजलेल्या माणसानं साठीला टेकल्यावर कणीक मळायला घेतली आणि तीही कापसासारखीच झोडपायला सुरुवात केली. भाकरी येईना, पण पोळ्या बऱ्या व्हायला लागल्या. वाकड्या होत्या. हसीनाबी त्यांना गुजरातचा नकाशा म्हणायची, आणि खायची.

मनगटं सुजली तेव्हा तिच्या स्वतःच्या बांगड्या फोडून काढाव्या लागल्या होत्या. बांगडीवालीचेच हात रिकामे! नव्या प्लॉटांतली एक बाई एकदा माप घेऊन आली, तिनं ते हात पाहिले आणि आवाज उतरवून विचारलं, "कधी गेले हो?" जब्बारभाई पडद्यामागून पिठाचे हात घेऊन बाहेर आले. म्हणाले, "जायचंच होतं ताई, पण कणीक अर्धी राहिलीये." बाई जी पळाली ती परत आली नाही. हसीनाबी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग ते पाणी थांबेना, आणि जब्बारभाईंना कळलं की हसणं केव्हाच संपलंय.

असे दिवस यायचे. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. "आज नको" एवढंच म्हणायची. काय नको ते सांगायची नाही, कारण सगळंच नको असायचं. जब्बारभाईंनी समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, पिराला नवसही बोलून झाले. शेवटी त्यांनी वेगळीच शक्कल काढली. खाटेखालची पेटी ओढून सगळ्या मापांच्या बांगड्या एका परातीत ओतल्या आणि म्हणाले, "हसीना, चुकून सांडल्या. जमतील तशा लाव." दुपार कलल्यावर तिची बोटं मोकळी व्हायची, तेव्हा ती उठून बसली आणि एकेक बांगडी मापाप्रमाणे वेगळी करू लागली. दर आठवड्याला बांगड्या 'चुकून' सांडायच्या. तिला कळत नव्हतं असं नाही. पण नवऱ्याची इतकी भाबडी लबाडी उघडी पाडायला तिचा जीव होत नव्हता.

वैशाखात एका सकाळी बेबाबाई आली. बेबाबाईच्या लग्नाचा चुडा हसीनाबीनंच भरलेला, आणि तो तिच्या धंद्यातला पहिलाच चुडा. तेव्हापासून दोघी एकमेकींच्या घरच्या झालेल्या.

"हसीना, मनी पोर नूतननं लगीन ठरनं. चुडा तूच भरजो."

हसीनाबीनं हात ओढणीखाली घेतले. "दुसरी पाहा बेबा. मना हात आते कामना नही ऱ्हायनात."

"पाच बोटं तर शेतस!"

"शेतस. पन मनं ऐकतस नही."

बेबाबाईनं पुष्कळ आर्जवं केली. हसीनाबी हललीच नाही. लग्नाच्या मांडवात, शंभर बायकांसमोर, नवरीच्या हातात बांगडी तडकली तर? तो अपशकुन जन्मभर तिच्या नावावर. आणि त्याहून मोठी भीती दुसरीच होती. एकदा लोकांनी डोळ्यांनी पाहिलं की हिचे हात गेले, की ती गावाची बांगडीवाली उरणार नाही, गावातली एक आजारी बाई उरेल. हे तिनं बेबाबाईला सांगितलं नाही. बेबाबाई लग्नपत्रिका उंबऱ्यावर ठेवून गाल फुगवून निघून गेली.

त्याच दिवशी चार-साडेचारला ती उलट आली. रागाच्या भरात चष्मा इथंच विसरला होता. दारात पाय ठेवते तो काय, हसीनाबी परातीपुढे बसून दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ अशा बांगड्या झरझर लावते आहे.

बेबाबाई दारातच उभी राहिली. "सकायले हात चालतस नही म्हने! आते कसा चालतस? मना घरनं काम नको व्हतं तर तोंडवर सांगती!"

आजारी माणसाला दुखण्यापेक्षा हे जास्त लागतं. हसीनाबीनं परात ढकलली. दोन बांगड्या जमिनीवर फुटल्या.

"खोटं नही बोलनू मी! सकायले या हातनी लाकडं व्हतस. नाडी बी मना नवरा बांधस, समजनं का? नवरा! दुपार कलनी का उघडतस. सात वाजनात का परत बंद. दोन वरीस व्हयनात, रोज असंच शे. कोनले सांगू? सकायले जो येस तो म्हनस बिचारी, दुपारले जो येस तो म्हनस ढोंगी!"

बोलता बोलता ती रडायला लागली. जब्बारभाई आतून आले नाहीत; शहाणे होते.

बेबाबाई खाली बसली. फुटलेल्या काचा तिनं एकेक करून वेचल्या, कागदात बांधल्या. मग तिनं विचारलं, "चारले उघडतस?"

"चारले."

"नक्की चारले?"

"नक्की काय ऱ्हास बाई? एष्टी तरी नक्की ऱ्हास का?"

बेबाबाई चष्मा घेऊन निघाली. दुसऱ्या दिवसापासून तिनं भावकीत निरोप धाडायला सुरुवात केली. चुड्याचा मुहूर्त दुपारी चारचा. भटजींनी काढून दिलाय. भटजींना याची काहीच कल्पना नव्हती. वैशाखात खान्देशात दुपारी चार वाजता कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही, आणि हिनं शंभर बायका पत्र्याच्या मांडवात बोलावल्या! बेबाबाईची नणंद दिपमाला जळगावहून एसटीनं भाजून निघत आली ती भांडायच्याच तयारीनं.

"कोन्ता भटनी काढा हाऊ मुहूर्त?"

"तुले काय करनं? पंख्याखाले बस."

हसीनाबी येणार नव्हती. चुड्याच्या दिवशी साडेतीनपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडली होती. जब्बारभाईंनी तिची पेटी सायकलला बांधली, गरम पाण्याचा थर्मास हँडलला अडकवला आणि दारात जाऊन उभे राहिले. घंटी वाजवली नाही की हाक मारली नाही. शेवटी तीच वैतागून उठली. उन्हात उभा राहून हा म्हातारा घेरी येऊन पडायचा, म्हणून.

मांडवात नूतननं हात पुढे केला. तिचं माप न बघता हसीनाबीनं हिरव्या बांगड्या काढल्या. बोटं अंगठ्याच्या मुळाशी गेली, जागा सापडली. "सासू कशी शे गं?" तिनं विचारलं, नूतन लाजली, तेवढ्यात तीन आत. मग आणखी दोन. सहावी, सातवी. आठवीला तिच्या बोटांनी दगा दिला. बांगडी गाठीवर अडकली आणि मागेही येईना.  दिपमाला पुढे सरकली. "काय व्हयनं?"

हसीनाबीच्या कपाळावर घाम फुटला. घाई केली असती तर बांगडी तडकली असती. तिनं हात काढून घेतला आणि सगळ्यांकडे बघत म्हणाली, "मना हात थांबनात. माले संधिवात शे. जरा येळ लागी."

दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं हे चार लोकांत सांगितलं.

जब्बारभाईंनी थर्मास आणून परातीत गरम पाणी ओतलं. बाया पदरानं वारा घेत होत्या आणि त्यांच्या मधोमध हसीनाबी गरम पाण्यात दोन्ही हात बुडवून बसली. नूतनचा हात, अर्ध्यावर अडकलेल्या बांगडीसकट, तिच्या मांडीवरच होता. "मी बठेल शे मावशी," नूतन म्हणाली. "तू सावकाश भर." कुणीतरी चहा फिरवला. दिपमालानंही घेतला, आणि फुंकर मारत स्वतःच्या गुडघ्यांचं पुराण सुरू केलं, ते कुणी विचारलं नव्हतं. वीस मिनिटांनी आठवी बांगडी आत गेली. मग बाकीच्या. मग नूतनचा दुसरा हात. नूतन वाकून तिच्या पाया पडली तेव्हा हसीनाबीला रडू आवरलं नाही, आणि तिनं आवरायचा प्रयत्नही केला नाही.

सात वाजत आले तेव्हा तेवीस बायांचे हात भरून झाले होते आणि तिची बोटं परत मिटायला लागली होती. रांगेत पुढचा नंबर खुद्द दिपमालाचा होता. हात पुढे करून बसली होती. गेल्या वर्षीची हसीनाबी असती तर दात-ओठ खाऊन अजून चार हात भरले असते आणि मग आठवडाभर अंथरूण धरलं असतं. तिनं पेटी बंद केली.

"बाकीना हात उद्या," ती म्हणाली. "चारले या. त्याना आगोदर कोनी येऊ नका, मना हात सुटतस नही."

दिपमालानं हात मागे घेतला. "चारले," ती म्हणाली, आणि सुनेला हाक मारून उद्याच्या परतीची एसटी संध्याकाळची बघायला सांगितलं.