आत्याबाईंची चौकशी

ईशा आणि निहार,

गेल्या रविवारी फोनवर मी ईशाला विचारलं, "नवी शाळा आवडली का गं?" आणि उत्तर दिलं तुमच्या बाबांनी, "हो हो, मजेत आहे ती." मी पुन्हा ईशालाच विचारलं. तेव्हा निहार हसून म्हणाला, "आजी नेहमी असंच करते, दोनदा विचारते." मग ईशाने सांगितलं की शाळेत एक जुनी इंग्रजी भयकादंबरी लावली आहे, धुक्याची आणि बंद खोल्यांची, आणि ती फार कंटाळवाणी आहे. फोन ठेवल्यावर वाटलं, आता माझ्या एका विद्यार्थिनीच्या आत्याबाईंविषयी लिहून ठेवायला हवं. दोनदा विचारायची सवय माझी नाही, त्यांची आहे. आणि तसलीच एक कादंबरी मी त्यांच्यासमोर शिकवली आहे. हे बाबांकडून वाचून घेऊ नका. हळू वाचलंत तरी चालेल, पण स्वतः वाचा.

आत्याबाईंचा कुणावरही विश्वास नव्हता. अक्षरओळख नसूनही एसटीच्या कंडक्टरने दिलेलं तिकीट त्या उजेडात धरून उलटसुलट बघत. कॉलेजच्या माठातलं पाणी आधी हुंगत. आमच्या शिपायाने पहिल्यांदा आदराने चहा पुढे केला तेव्हा त्या म्हणाल्या, "आधी तू घे घोटभर." तो बिचारा प्यायला. मग त्यांनी त्याच्या तोंडाकडे जरा वेळ बघितलं आणि उरलेला चहा घेतला.

त्या निमोणे गावच्या. त्यांची भाची मंदा आमच्या शिरूरच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. करत होती. रांजणगावला कारखाने उभे राहू लागले होते ते दिवस. गावात नवे लोक, नव्या गाड्या, आणि त्याबरोबर मुलींच्या आईबापांना नवी धास्ती. मंदाच्या वडिलांनी, आप्पांनी, पोरीला कॉलेजात पाठवलं ते एका अटीवर, सोबत आत्या जाईल. म्हणून रोज सकाळच्या एसटीने दोघी येत. मंदा पहिल्या बाकावर बसे आणि आत्याबाई शेवटच्या, भिंतीला पाठ लावून. पाठीमागे कुणी बसलेलं त्यांना चालत नसे.

मला त्यांचा संशय होता, हे सांगायलाच हवं. मी मुलींना काय शिकवते ते घरी जाऊन सांगण्यासाठी त्यांना बसवलंय, असं मला वाटे. आमच्या प्राचार्यांना तर खात्रीच होती. "मॅडम, जरा जपून. ह्या बाई नुसत्या बसत नाहीत, ऐकतात." मी म्हटलं, "सर, वर्गात ऐकणारं एक तरी माणूस आहे, तेवढंच बरं."

त्या वर्षी अभ्यासक्रमाला ती कादंबरी होती. एक पोरकी मुलगी लग्न होऊन ओसाड माळावरच्या थोरल्या घरात येते. नवरा गोड बोलतो, पण सारखा परगावी. घर चालवते त्याची विधवा वहिनी. पश्चिमेच्या खोल्यांना कुलूप, आणि कुलपाआड पावलांचा आवाज. आमची मुलं मराठी माध्यमातली. इंग्रजीचं एक पान वाचायला तास जायचा, आणि भीती वाटण्याआधीच शब्दार्थ लिहून हात दुखायचे. म्हणून मी एक पद्धत ठेवली. आधी प्रकरण मराठीत सांगायचं, मग एकेकाने उभं राहून इंग्रजीतून वाचायचं, आणि शेवटी मी विचारायचं, "आज कुणाचा संशय येतो?" उत्तर इंग्रजीतच द्यायचं, मोडकंतोडकं चालेल. मोडक्या इंग्रजीला लाजणारी मुलंसुद्धा संशय सांगायला पुढे यायची. बहुतेकांचा संशय त्या बंद खोल्यांवर.

एके दिवशी शेवटच्या बाकावरून आवाज आला. "बाई, एक इचारू का? ह्या पोरीकडनं चौकशीला कोण गेलं हुतं?"

वर्ग हसला. मी म्हटलं, "आत्याबाई, ती पोरकी आहे. कुणीच गेलं नाही."

"चुलता? मामा? गावातलं एखादं शाणं मानूस?"

"नाही."

"मग काय!" त्या मागे टेकल्या. "कुणी जाऊन घर बघितलं असतं तर एवढं जाड पुस्तक ल्ह्यावं लागलं नसतं."

इतक्या वर्षांत भयकथेवर मी बरीच टीका वाचली, पण हा मुद्दा मला कुठे सापडला नाही. मंदाने तो सहामाही परीक्षेत लिहिला. मी तिला गुण दिले.

त्यानंतर त्या रोज काही ना काही विचारू लागल्या. गोष्ट ही गोष्ट आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं. "पर ल्हिणारानं कुठंतरी बघितलंच असंल की," असं त्या म्हणत. त्यांचा स्वयंपाकिणीवर संशय होता, पाद्र्यावर होता, कुत्र्यावरसुद्धा होता. बंद खोल्यांवर मात्र नव्हता. "कुलूप सगळ्यांच्याच घरात असतंय, बाई. आमच्या कांद्याच्या चाळीला बी हाय." त्यांना खटकली ती भलतीच जागा. नवी नवरी जावेला विचारते, तुमचे यजमान कशाने गेले? आणि उत्तर देतो तो त्या जावेचा दीर, म्हणजे नवरीचाच नवरा. मी ते वाक्य सहज सांगून पुढे गेले होते. आत्याबाईंनी थांबवलं. "एकीला इचारलं आन् बोलला दुसराच. तितं थांबायचं. परत तिलाच इचारायचं."

पुढे शेवटच्या प्रकरणात उघड झालं की ती जाऊ विधवा नव्हतीच. मेलेला म्हणून सांगितलेला नवरा त्या खोल्यांत कोंडलेला होता, इस्टेटीसाठी. वर्गाने टाळ्या वाजवल्या. आत्याबाईंचा संशय सगळ्यांवरच असल्यामुळे एखादा बरोबर निघणं साहजिक होतं, असं मी घरी तुमच्या आजोबांना म्हटलं. तरी त्या दिवसापासून माझे कान बदलले.

ही नजर त्यांनी कुठून आणली, ते मंदाने मला सांगितलं. त्यांच्या लहानपणी घरची मेंढरं होती. पावसाळा सरला की कळप घेऊन दूर जायचं, रोज कुणाच्या तरी रानात मुक्काम. रानाचा मालक कसा आहे हे त्याच्या बोलण्यावरून नाही, त्याच्या बायकोच्या आणि बैलांच्या वागण्यावरून ओळखायचं. लग्न झालं ते मात्र न बघता. सासरहून त्या वर्षाच्या आत परत आल्या आणि भावाकडे राहिल्या. का आल्या, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

वर्ष संपत आलं तेव्हा मंदाला स्थळ आलं. दौंड तालुक्यातलं, यवतच्या अलीकडचं. मुलगा रांजणगावला कंपनीत, खोली घेऊन राहणारा. घरची शेवंती आणि भाजीपाला, नवा बंगला, हुंड्याची मागणी नाही. त्यांना इंग्रजी शिकलेली मुलगी हवी होती, पण लग्न मात्र परीक्षेच्या आधी, कारण पुढे मुहूर्त नाहीत. आप्पा आत्याबाईंना घेऊन घर बघायला निघाले आणि मंदाच्या बाई म्हणून मलाही जीपमध्ये बसवलं. न्हावरा, चौफुला करत आम्ही पोचलो.

घर मला आवडलं. अंगण सारवलेलं, माणसं अदबशीर. आत्याबाईंनी रिवाजाप्रमाणे परसदार बघितलं, गोठा बघितला. धनी जवळ गेल्यावर गाय दचकते का, तेही बघितलं. गाय दचकली नाही. आत्याबाईंना हे जरा आवडलं नसावं. मग थोरली सून चहा घेऊन आली, डोक्यावरून पदर, नजर खाली.

"माहेर कुठलं गं बाई तुझं?" आत्याबाईंनी विचारलं.

"बारामतीकडची हाय ती," सासूबाई म्हणाल्या.

"आन् लेकरं दिसत न्हाईत?"

"मामाच्या गावाला गेलीत," नवरा मुलगा म्हणाला.

आत्याबाईंनी कप हातातच धरला. "तुला इचारलं मी, बाई. तू जातीस का कवा माहेराला?"

सुनेने सासूकडे पाहिलं. सासूबाई हसल्या. "तिला आमच्याबिगर करमतच न्हाई."

सून कप गोळा करून आत गेली. पुन्हा बाहेर आली नाही.

परतताना चौफुल्याला चहाला थांबलो. आप्पा खुशीत होते. आत्याबाई म्हणाल्या, "दादा, हितं न्हाई द्यायची."

"का? काय कमी हाय?"

"ती थोरली बोलली न्हाई."

"लाजाळू असंल."

"असंल."

"मुकी असंल एखाद्या वेळंस!"

"असंल की. मग मुकी हाय म्हणून सांगावं. कोन न्हाई म्हणलं?"

आप्पा माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमच्या त्या पुस्तकानं हिचं डोकं फिरवलंय. तुम्हीच सांगा, घर कसं हाय?" मी म्हटलं, मला तर चांगलं वाटलं. खरोखरच वाटलं होतं. शिवाय मनात एक शंकाही होती: ह्या बाईला भाची जवळून जाऊ द्यायची नसेल तर? आप्पांच्याही मनात तेच असावं. ते म्हणाले, "तुझं मोडलं म्हणून पोरीचं मोडतीस व्हय?"

जीपचा ड्रायव्हर उठून टायर बघायला गेला. आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "माझ्या येळंला कुणी बघाया गेलंच न्हाई, दादा. आपल्या आबांनी सुपारी खाल्ली आन् शब्द दिला. तू तवा तितंच बसला हुतास."

आम्ही निमोण्याला परतलो. दारातच मंदाच्या आईने विचारलं, काय झालं? आप्पा म्हणाले, "ठरल्यासारखंच हाय. उद्या निरोप धाडतो."

आत्याबाई पायरीवर बसल्या. "मंदे, तुला पटतंय का?"

"तिला काय इचारायचं?" आप्पा म्हणाले. "तिला पसंतच हाय."

आत्याबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "मंदे, तुला इचारलं मी."

आप्पांनी तोंड उघडलं आणि मिटलं. आपणही तेच करतोय, हे त्यांना त्या क्षणी कळलं असावं असं मला वाटतं, खात्री नाही. मंदा उंबऱ्यात उभी होती. वर्गात इंग्रजी वाचताना थरथरायचा तसाच तिचा आवाज थरथरला. "मला परीक्षा द्यायचीय. मग स्थळ बघा. आन् घर बघाया मी सोता येनार."

निरोप गेला तो नकाराचा. त्याची किंमत आत्याबाईंनी दिली. आप्पांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं, गावाने त्यांना घरमोडी म्हटलं, आणि त्या रानातल्या जुन्या खोपीत राहायला गेल्या. मंदा आता एकटीच एसटीने येऊ लागली. शेवटचा बाक रिकामा. मी विचारलं तेव्हा मंदाने आत्याचा निरोप सांगितला, "बाईंना म्हणावं, आता राखणीची गरज न्हाई. पोरीला बोलाया येतंय."

मंदा पास झाली. पुढे शिक्षिका झाली. लग्नही केलं, मुलाचं घर दोनदा बघून, आणि दुसऱ्यांदा न कळवता जाऊन. त्या लग्नात आप्पांनी बहिणीला पुढे बसवलं.

मी त्यांना शेवटचं भेटले ते त्या खोपीत. मी म्हटलं, "आत्याबाई, तुम्ही पोरीला वाचवलंत." मला वाटलं होतं त्या खूश होतील. त्यांनी माझ्याकडे तसंच बघितलं, शिपायाच्या चहाकडे बघायच्या तसं.

"कशापासनं वाचवलं, बाई? मला तरी कुठं ठावं हाय? नुसता वहीम." त्यांनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं. "आन् वहीम खरा असंल तर ती थोरली तितंच हाय न्हवं? मंदीला काढली मी. थोरलीच्या हातात कप परत दिला आन् जीपमंदी बसले."

तेव्हा मला कळलं की शिरूरच्या बाजारात त्या यवतकडच्या फूलवाल्यांशी एवढ्या का बोलत. त्या बंगल्यातली थोरली सून दिसते का, बोलते का, माहेरी जाते का, एवढंच विचारायच्या. कुणी म्हणे माहेरी गेली, कुणी म्हणे पुण्याला राहतात, कुणी म्हणे ती पहिल्यापासूनच अबोल. आत्याबाईंचा एकावरही विश्वास बसला नाही. माझाही बसलेला नाही.

आत्याबाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. खोप पडली. अभ्यासक्रमातून ती कादंबरीही गेली. यवतच्या अलीकडचं ते घर अजून आहे. रस्ता रुंद झाला तेव्हा अंगण गेलं, घर राहिलं. मंदा रांजणगावजवळ एका शाळेत इंग्रजी शिकवते. यवतकडचं कुणीही भेटलं की ती त्या थोरल्या सुनेची चौकशी करते. अजून करते.