शिक्क्यावरचा भंडारा

मार्चमधला पहिला मंगळवार. हजर: मी, माझी मुलगी, मुलीचे बापू. आणि सासूबाईंच्या आग्रहाखातर चौथी एक सुपारी.

आमच्याकडे तिघं मिळून चांगल्या कामाला निघत नाहीत. निघावंच लागलं तर सुपारी सोबत घेतात, म्हणजे मोजायला चार होतात. माझा यावर विश्वास नाही. पण सासूबाईंशी वाद घालण्यापेक्षा सुपारी पर्समध्ये टाकायला कमी वेळ लागतो. टाकली आणि यादीत खूण केली.

यादी मी कशाचीही करते. मी अंगणवाडी सेविका आहे. लेकरांची वजनं, आहार, लसी, हजेरी, सगळं कागदावर चढवल्याशिवाय माझा दिवस संपत नाही, आणि तीच सवय घरात आली आहे. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, हिच्या यादीत आपलं नाव हाय का बघून घ्या, नसलं तर जेवायला मिळायचं न्हाई.

मुलीला नाशिकच्या एका मोठ्या दवाखान्यातून नर्सच्या जागेसाठी मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. नर्सिंग पूर्ण होऊन तिला वर्ष झालं होतं. ते वर्ष तिने पूर्णेतल्या एका लहान दवाखान्यात काढलं. तिथे ती इंजेक्शनही द्यायची आणि डॉक्टर गेल्यावर फरशीही पुसायची. तक्रार करायची नाही, पण घरी आली की हात पुन्हा पुन्हा धुवायची. ही जागा मिळावी, एवढंच आम्हा सगळ्यांना हवं होतं.

मी आणि ती, दोघीच जाणार होतो. ऐन वेळी बापूंनी मेंढरं धाकट्या भावाच्या हवाली केली आणि म्हणाले, मीबी येतो, लेकराला फाटकापस्तोर सोडतो. त्यांचं सगळं आयुष्य मेंढरांमागे गेलं आहे. कुठल्या गावाच्या शिवारात उन्हाळ्यात पाणी टिकतं हे त्यांना झोपेतही सांगता येईल, पण नाशिक त्यांनी पाहिलेलं नव्हतं. मीही नव्हतं. मी फक्त तिथले रस्ते, बसचे नंबर आणि दवाखान्याचा पत्ता उतरवून घेतला होता आणि तेवढ्यावर मला शहर पाठ झाल्यासारखं वाटत होतं.

चुडाव्याहून पॅसेंजरने परभणी, तिथून पुढे एक्स्प्रेसचा जनरल डबा. बापूंनी घोंगडी आणली होती. मी घरी त्यावरून बोलले होते, शहरात घोंगडी घेऊन कोण जातं म्हणून. डब्यात शिरलो तर बसायला जागा नव्हती. त्यांनी दाराजवळ घोंगडी अंथरली, मुलीला तिच्यावर बसवलं आणि माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मीही तिच्या शेजारी घोंगडीवर बसले.

नाशिकरोडला दुसऱ्या दिवशी सकाळी उतरलो. बायकांच्या प्रतीक्षालयात मुलीने तोंड धुतलं, वर्तमानपत्राच्या घडीत ठेवलेला इस्त्रीचा ड्रेस घातला. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. इथपर्यंत सगळं माझ्या यादीप्रमाणे. त्यानंतर यादी आणि शहर यांचा संबंध सुटला. मी उतरवून आणलेल्या नंबरची बस आता तिकडे जातच नव्हती. एकाने सांगितलं समोरून मिळेल, समोरच्याने सांगितलं मागून. एका बसच्या कंडक्टरने आम्हाला चढवून घेतलं आणि दोन थांबे गेल्यावर उलट्या दिशेला निघालात म्हणून उतरवलं. मुलगी फोनवर नकाशा बघत होती, पण नकाशात आमचा ठिपकाच जागेवर राहीना. शेवटी रिक्षा केली. रिक्षात मी फाइल छातीशी धरून बसले होते. आत काय आहे याची मला खात्री होती. मीच लावली होती, एकेक कागद, प्लास्टिकच्या एकेका पाकिटात. लॅमिनेशन करू नका, पडताळणीला मूळ कागद उघडा लागतो, असं कॉम्प्युटरवाल्याने सांगितलं होतं. तेही पाळलं होतं.

दवाखाना म्हणजे एक गावच होतं. समोर केवढी तरी हिरवळ, कापून सारखी केलेली, आणि तिच्यावर पाऊल ठेवू नये अशी पाटी. बापू थबकले.

"एवढं गवत," ते म्हणाले, "अन् एक शेरडू न्हाई."

मुलगी हसली. सकाळपासून पहिल्यांदा. "बापू, तुमी आत इचारून बघा. चरायला सोडतेत का म्हणून."

"इचारतो की. तुज्या मुलाखतीत तूच इचार. पगार कमी द्या म्हणावं, गवत द्या."

फाटकावर रखवालदार पिशव्या तपासत होता. तंबाखू, माचिस, सुपारी, सगळं इथे ठेवायचं. बापूंची तंबाखूची डबी ट्रेमध्ये गेली. मग त्याने माझी पर्स उघडायला लावली आणि सुपारीही काढून घेतली. मी त्याला सांगायला गेले की ती खायची नाही, ती सोबतीची आहे. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुढच्या माणसाची पिशवी ओढून घेतली. आमची चौथी ट्रेमध्ये राहिली.

उमेदवाराशिवाय वर कोणाला सोडत नव्हते. मुलगी फाइल घेऊन गेली. बापू बाहेर हिरवळीच्या कडेच्या कट्ट्यावर बसले, मी आत, खालच्या मजल्यावरच्या खुर्च्यांवर. माझ्यासारख्या आणखी काही आया तिथे बसल्या होत्या. एकीला मी विचारलं, वर काय चालतं. ती म्हणाली, आधी कागद बघतात, मग मॅडम बोलावतात.

थोड्या वेळाने मुलगी जिन्यावरून खाली आली. इतक्या लवकर यायचं काही कारण नव्हतं. तिने माझ्याजवळ येऊन हळूच सांगितलं, "आई, तू ये. रजिस्ट्रेशनचा कागद घेईनात."

वर एका टेबलामागे पडताळणी करणाऱ्या बाई होत्या. माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी कागद माझ्याकडे वळवला. हा कागद नसला तर नर्स म्हणून कुठेच उभं राहता येत नाही. त्याच्या वरच्या बाजूला मधोमध गोल शिक्का होता आणि शेजारी मोबाइलने तपासायची चौकोनी जाळी. दोन्हींवर पिवळा डाग होता. नुसता डाग नव्हता. मधोमध अंगठा दाबलेला होता, ओला करून, आणि मग पाकिटात घासून तो चहूकडे पसरला होता. अंगठ्याच्या रेषा अजून दिसत होत्या. त्या रेषांना आडवी छेदून जाणारी एक पांढरी फट होती.

ती फट मी ओळखली. लोकर कातरताना बापूंच्या अंगठ्यावर कातर फिरली होती, लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी. पट्टी मीच बांधली होती.

दिवाळीनंतर मेंढरं लांब चरायला निघतात तेव्हा कळपाच्या पुढे चालणाऱ्या मेंढीच्या कपाळाला बापू खंडोबाचा भंडारा लावतात. अंगठा पाण्यात बुडवून, हळदीत टेकवून, कपाळाच्या मधोमध. त्याशिवाय कळप हलत नाही. नाशिकला निघायच्या दिवशी मी पाण्याच्या बाटल्या भरत होते तेव्हा त्यांनी मुलीला म्हटलं होतं, कागदं दे जरा, देवापुढं ठेवतो. ठेवतील आणि उचलतील, असं मला वाटलं. मी वळून पाहिलं नाही. सगळ्या कागदांत त्यांनी हाच का निवडला तेही मला तिथे उभ्या उभ्या कळलं. मुलीने त्यांना कितीदा तरी सांगितलं होतं की हा सगळ्यांत पुढचा कागद, याच्या मागे बाकीचे. आणि त्याचा शिक्का बरोबर कपाळावर होता.

"हे काय सांडलंय?" बाईंनी विचारलं.

"हळद आहे," मी म्हणाले.

"कोड स्कॅन होत नाही. शिक्का वाचता येत नाही. मी पुढे कसा पाठवू? उद्या कोणी म्हणेल खाडाखोड आहे."

मी म्हणाले, मला एक मिनिट द्या. त्यांनी दिलं. बाई वाईट नव्हत्या. मी कागद घेऊन शेजारच्या बेसिनकडे गेले. रुमाल ओला केला. समोर साबण होता. हात साबणाकडे गेला आणि तिथेच थांबला. हळदीला साबण लावला की ती लाल होते, हे मला शिकवायला कोणी नको. कोरड्या रुमालाने पुसलं तर आणखी पसरेल, ओल्याने पुसलं तर शिक्क्याची शाई जाईल. मला प्रत्येक उपाय ठाऊक होता आणि तो का चालणार नाही तेही ठाऊक होतं. नळ वाहत होता. मी तो बंद केला आणि कागद जसा नेला तसा परत आणला.

मुलगी बाईंना काहीतरी समजावत होती. ऑनलाइन नाव दिसतं, नंबर टाकून बघा. बाईंनी नंबर टाकला. नाव दिसलं. पण नियमाला कागद लागतो, म्हणाल्या. शेवटी त्या आत मॅडमकडे जाऊन आल्या.

"मुलाखत घेतील," त्या म्हणाल्या. "पण दुसरी प्रत आणून दाखवल्याशिवाय निवड यादीत नाव जाणार नाही. महिनाअखेरपर्यंत थांबू. नंतर पुढची मुलगी."

मुलीने मान हलवली. मग माझा हात धरून मला जिन्यापाशी नेलं.

"बापूंना सांगू नको," ती म्हणाली.

"आज न्हाई सांगत."

"आज न्हाई, कधीच नको. ते पुन्यांदा कशालाच हात लावायचे न्हाईत, आई. तुला ठाव हाय."

मला ठाऊक होतं.

मी खाली आले. काचेतून बापू दिसत होते. कट्ट्यावर मांडी घालून, घोंगडी मांडीवर, हिरवळीला पाणी देणाऱ्या माणसाशी बोलत होते. हातवाऱ्यांवरून कळत होतं की पाणी कुठून सोडावं हे त्याला सांगत आहेत. मी बाहेर गेले. त्यांनी विचारलं, तुला कशाला बोलावलं. मी म्हणाले, सही लागत होती. ते म्हणाले, बरं झालं तू आलीस, मला कुठं सही येते धड. आणि सरकून मला सावलीत जागा दिली. तिथे बसून मी काय करू शकत होते याचा विचार केला. काहीच नाही. मुलगी वर एकटी बोलत होती, बापू आनंदात होते, आणि माझ्या वहीत त्या तासाभरासाठी एकही काम लिहिलेलं नव्हतं.

मुलाखत चांगली झाली. मुलगी खाली आली तेव्हा गाल लाल होते. मॅडमनी शेवटी हात मिळवला, म्हणाली. बापूंनी विचारलं, मग कधीपासून. ती म्हणाली, यादी लागते आधी. ते म्हणाले, लागू दे, कपाळावर भंडारा हाय तुज्या कागदाच्या, अडायचं न्हाई. एवढं बोलून ते पुढे चालू लागले. आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता मागून चाललो. डबीकरता फाटकाशी थांबलो, पण सुपारीची आठवण कोणालाच राहिली नाही. ती परतीच्या गाडीत झाली.

घरी पोचल्यावर सासूबाईंनी पहिलं तेच विचारलं. सुपारी नाशिकला राहिली हे कळल्यावर त्यांना सगळं उमगलं. गेले चार अन् आले तीन, मग यादी कशी लागंल. बापूंनाही ते पटलं. आता रोज कोणीतरी विचारतं, यादी लागली का, आणि रोज त्या सुपारीला बोल लागतो. मी त्यावर विश्वास ठेवत नाही, पण कोणाला अडवतही नाही. फाटकावर मी ती मागायला हवी होती, असं बापू एकदा म्हणाले. मी म्हणाले, हो, चुकलं माझं.

घरी आल्या आल्या दुसऱ्या प्रतीचा अर्ज भरला. मूळ कागद पाकिटात घालून रजिस्ट्रेशनच्या कचेरीला रजिस्टर पोस्टाने पाठवला. फोन करते, ते म्हणतात प्रक्रियेत आहे. आणखी फोन करते, तेच म्हणतात. नाशिकच्या बाईंनाही एकदा केला. त्या म्हणाल्या, वाट बघतोय, पण महिना संपत आला. मुलगी पूर्णेच्या दवाखान्यात जाते, परत येते आणि हात धुते. पोस्टमनला सांगून ठेवलं आहे की त्या कचेरीचं पाकीट घरी नको, अंगणवाडीत आणून दे.

काल बापूंनी देव्हारा पुसून घेतला. कोनाड्यातली भंडाऱ्याची वाटी भरून ठेवली. म्हणाले, नोकरीचा कागद आला की आधी इथं आणायचा, मग बाकीच्यांना दावायचा. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी भाकरी थापत होते, थापत राहिले.

मुलीचं म्हणणं मला कळतं. पण पाकीट आज ना उद्या येईल, आणि पोस्टमन रजेवर असला की त्याच्या जागी दुसरा येतो, तो थेट घरी देईल. बाकी सगळ्या कामांवर खुणा झाल्या आहेत. मुलीच्या बापूंना सांगायचं राहिलं आहे.