तिलवाऱ्याच्या पुलाजवळची कटिंग

जय भीम सगळ्यांना! फोटोतले बाबा ओळखू आले का? ही नागपूरकडून पायी चालत आलेल्या एका माणसाची करामत आहे.

लॉकडाऊनमुळे पायी गावी निघालेल्या मजुरांना आम्ही घरचे लोक तिलवाऱ्याच्या पुलाजवळ खिचडी देतो. आजही भाऊ सकाळपासून ओरडून राहिला होता, "भैया, लाइन से! दूर-दूर!"

रामसजीवन नावाच्या एकानं खिचडी खाल्ली आणि बाबांच्या मानेवर उतरलेल्या केसांकडे पाहतच राहिला. मग पिशवीतून कंगवा-कैची काढली. नागपुरात सलूनमध्ये होता, दुकान बंद पडलं म्हणून गावी, रीव्याला निघाला.

"थके हो भाई, आराम करो," बाबा म्हणाले.

"खाना सब देते हैं बाबूजी. काम कोई नहीं देता."

बाबा उलट्या बादलीवर बसले. त्यानं तोंडाला गमछा बांधला, कैची सॅनिटायझरनं पुसली. काम झाल्यावर बाबांनी दिलेली नोट कपाळाला लावून म्हणाला, "दो महीने बाद बोहनी हुई!"

मग भाऊ बसला. अर्धं डोकं झालं आणि रीव्याकडे जाणारा ट्रक मजुरांना घ्यायला येऊन थांबला. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देऊन राहिला.

"जाओ भैया, गाड़ी छूट जाएगी," भाऊ म्हणाला.

"आधा सिर छोड़ के नहीं जाऊँगा."

ड्रायव्हर वैतागून खाली उतरला. बाबांचं डोकं निरखून पाहिलं आणि भावामागे नंबर लावून उभा राहिला. पाहता पाहता आम्ही सगळ्यांनीच तिथे गर्दी केली.

रामसजीवननं कैची उंचावली. "भैया, लाइन से! दूर-दूर!"

खिचडी वाटणारे आम्ही मुकाट्यानं रांगेत लागलो.