आमची रुग्णहित समिती

आमच्या इस्पितळाला एकदा समितीचा झटका आला होता. झटकाच म्हणते मी त्याला, कारण तो आला तो कुणाच्या ध्यानीमनी नसताना. अधीक्षक डॉक्टर विलायतेला जाऊन आले होते. तिकडे म्हणे रुग्णाला काय सांगावं, किती सांगावं, शस्त्रक्रियेला होकार कुणी द्यावा, असल्या प्रश्नांवर चार शहाणी माणसं बसून विचार करतात. मग परळला का नको? अधीक्षकांच्या खोलीत लंबगोल टेबल आलं, त्यावर हिरवं कापड आलं आणि रुग्णहित समिती स्थापन झाली.

समितीत अधीक्षक स्वतः, घशाच्या आजारांचे मोठे सर्जन, गिरगावातले एक निवृत्त न्यायाधीश, दादरच्या बाजूचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि आमच्या मेट्रनबाई. मी चिटणीस. मी इस्पितळात नुकतीच लागलेली समाजसेविका होते आणि माझं नेमकं काम काय, हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे नवं काही निघालं की ते माझ्या गळ्यात पडायचं. त्या दिवसांत मुंबईत समिती म्हटलं की एकच समिती डोळ्यांसमोर यायची, मुंबईसह महाराष्ट्र मागणारी. वॉर्डबॉय मला जिन्यात अडवून विचारायचे, "बाई, तुमच्या समितीचा मोर्चा कधी?" मी हसून पुढे जायची. नंतर नंतर वाटायला लागलं की काढावाच एक मोर्चा, थेट अधीक्षकांच्या खोलीवर.

समितीपुढे पहिलं प्रकरण आलं ते करी रोडच्या एका गिरणी कामगाराचं. सर्जनांनीच आणलं. माणूस चाळिशीचा, साचेखात्यातला, मागावर काम करणारा. घसा बसला म्हणून आला होता. घसा बसण्यात त्याला काही नवल वाटत नव्हतं, कारण मोर्चात घोषणा द्यायला पुढे तोच असायचा. तो एकदा ओरडला की लालबागपर्यंत "झालाच पाहिजे" घुमायचं, असं त्याच्या खोलीवरचे लोक सांगायचे. पण घसा घोषणांनी बसला नव्हता. आत कॅन्सरची गाठ होती आणि ती काढायची तर आवाजाची पेटीच काढावी लागणार होती. जीव वाचणार होता, आवाज कायमचा जाणार होता.

हे सर्जनांनी सांगितलं ते त्याच्या चुलत भावाला. दोघं एकाच खोलीत राहायचे, एकाच खात्यात कामाला होते. भाऊ सज्जन माणूस. त्याने हात जोडले. "डॉक्टर, तेका सांगू नका. तो खचतलो. गाठ काढूची हा, इतक्याच सांगा." सहीही भावानेच केली. सर्जनांना मात्र कुठेतरी टोचलं असावं. ज्याची पेटी काढायची त्याला सांगायचं की नाही, हे समितीने ठरवावं असं ते म्हणाले. म्हणजे प्रश्न योग्य होता. तो योग्य ठिकाणी आला, असंही मला त्या दिवशी वाटलं होतं.

पहिल्या बैठकीत न्यायाधीशांनी भावाची सही कायद्याने चालते की नाही यावर तासभर घालवला आणि शेवटी पुस्तकं बघून सांगतो म्हणाले. दुसरी बैठक हरताळामुळे झालीच नाही. त्यानंतरच्या बैठकीत प्राध्यापकांनी सत्य म्हणजे काय इथून सुरुवात केली. माहिती आणि सत्य यात फरक असतो, म्हणाले. चहा आला, खारी बिस्किटं आली. न्यायाधीशांनी खारी चहात बुडवली, ती तुटून कपात पडली, ती चमच्याने काढेपर्यंत सगळे थांबले. मी खाली मान घालून सगळं लिहून घेत होते आणि दात आवळत होते.

मेट्रनबाई खोताच्या वाडीतल्या, जुन्या ख्रिस्ती घरातल्या. फार बोलायच्या नाहीत. त्या दिवशी म्हणाल्या, "डॉक्टर, तो माणूस इथेच खाली आहे. दोन जिने उतरू आणि त्यालाच विचारू. तुला कळायला हवंय का, एवढंच तर विचारायचं."

अधीक्षक हसले. "मेट्रन, असं जाऊन विचारायचं तर मग समिती कशाला?"

यावर सगळे हसले. मेट्रनबाईंनी माझ्याकडे पाहिलं, डोळे मिटले आणि पुन्हा चहाकडे वळल्या.

मी मात्र रोज खाली जायची. तो खाटेवर मांडी घालून बसलेला असायचा. आवाज फाटका, खरखरीत, पण वॉर्डभर पोचणारा. "बाई, पुढच्या मोर्च्यापर्यंत सोडतीत मा?" मी "बघू" म्हणायची. समितीचा निर्णय होईपर्यंत कुणीही काही सांगायचं नाही, असा अधीक्षकांचा हुकूम होता. त्याची बायको कोकणात, घर आणि शेत सांभाळून. लग्न झाल्यापासून तसंच चाललेलं. वर्षातून एकदा भेट. तो मला एकदा म्हणाला, "शिमग्याक जातंय. व्हाळाचा पाणी लागला की हाक मारतंय, ती चुलीकडसून ओ देता. सगळ्या वाडीक कळता, इलो म्हणान." एवढं सांगून तो स्वतःच लाजला आणि पांघरूण नीट करायला लागला.

शेवटी ठराव झाला. रुग्णास योग्य वेळी, योग्य व्यक्तीकडून, योग्य शब्दांत कल्पना द्यावी. शिवाय शस्त्रक्रियेनंतर विचार व्यक्त करण्यासाठी रुग्णास इस्पितळातर्फे पाटी आणि खडू पुरवावेत. ही पाटीची कल्पना प्राध्यापकांची आणि ती सगळ्यांना फार आवडली. योग्य व्यक्ती कोण, असं मी विचारलं. सर्जनांना ऑपरेशन होतं. अधीक्षकांना ट्रस्टींना भेटायचं होतं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी खाली जाऊन त्याला सांगितलं. योग्य शब्द वगैरे मला सुचले नाहीत, जे होतं ते सांगितलं. त्याचा हात गळ्याकडे गेला. धीर द्यायचा म्हणून मी पाटीचं सांगितलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मीच गडबडले.

"बाई, माका लिवाक खंय येता? पाटयेर मी काय काढू?"

एवढ्या बैठका झाल्या. कायदा झाला, सत्य झालं, खारी झाली. या माणसाला अक्षर येतं का, हे एकालाही विचारावंसं वाटलं नव्हतं. ज्यांच्या घरात पाळण्यातल्या पोरालाही पाटी मिळते अशी आम्ही माणसं.

मग तो म्हणाला, "ती गावसून येयसर डॉक्टर थांबतले काय? एकदा तिच्याशी बोलतंय, मगे कापा."

मी धावत सर्जनांकडे गेले. ते हात धूत होते. म्हणाले, "आता एक दिवसही थांबता येणार नाही. तुमच्या समितीपायी आधीच फार उशीर झालाय." तुमच्या समितीपायी! इतका राग मला त्याआधी कधी आला नव्हता. मी तार केली. पण तार तालुक्याला पोचणार, तिथून माणूस पायी वाडीत जाणार, मग ती बंदरावर येणार, मग बोट. सोमवारी सकाळी त्याला आत नेलं तेव्हा ती अजून समुद्रात होती.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. काही दिवसांनी तो उठून बसायला लागला, गळ्याशी नळी आणि पट्टी. पाटी उशाशी तशीच पडलेली. भेटायच्या वेळी साचेखात्यातले लोक आले आणि काय पाहावं, तर ते सगळे त्याच्याशी गप्पा मारताहेत. तो ओठ हलवतोय, हात नाचवतोय, आणि ते खदखदून हसताहेत. मागांच्या खडखडाटात कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, तेव्हा ओठांवरून बोलणं ओळखायची सवय त्या सगळ्यांना वर्षानुवर्षांची. सर्जनांनी ते दारातून पाहिलं आणि खूश होऊन वर अधीक्षकांना सांगायला गेले. समितीचं पहिलंच प्रकरण यशस्वी झालं, असं दोघांचं ठरलं.

त्याची बायको आली ती वॉर्डात बुजत, हातात तांदळाच्या पिठाची पुरचुंडी घेऊन. ती खाटेपाशी उभी राहिली. तो बोलायला लागला. तिने त्याच्या ओठांकडे पाहिलं, मग डोळ्यांकडे, मग शेजारी उभ्या दिराकडे, म्हणजे त्या चुलत भावाकडे. तिला साचेखात्याची भाषा कुठून येणार? दीर सांगत गेला, "म्हणता, बोटीत त्रास झालो काय. म्हणता, गाय कोणाकडे ठेवलंस." तिने मानेने उत्तरं दिली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "बाई, बोलता तो. पण आवाज दिराचो." मग जरा थांबून विचारलं, "ह्यां कधी ठरलां होता?"

मी खरं सांगितलं. समिती पहिल्यांदा बसली तेव्हापासून ठाऊक होतं, म्हटलं. तिने बोटांवर दिवस मोजले. बोट किती दिवसांत येते हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

त्याच आठवड्यात समितीची बैठक होती. अधीक्षक सांगायला लागले, "लिहा, सदर प्रकरण समाधानकारकरीत्या पार पडले." मी पेन खाली ठेवलं. माझा आवाज चढला होता, चढू दिला. "मी लिहिते. पण आधी एवढं सांगा, त्या माणसाचा आवाज इथे कुणी ऐकलाय?"

न्यायाधीशांनी टेबलावरचं हिरवं कापड सारखं केलं. सर्जन म्हणाले, "मी त्याचा घसा आतून पाहिलाय." मेट्रनबाईंनी कपाळावर हात मारला. मग प्राध्यापक उठले. इतके दिवस ज्यांच्यावर मी सर्वांत जास्त चिडले होते तेच. चेहरा उतरलेला. "चला," म्हणाले, "खाली जाऊ."

आणि समिती पहिल्यांदा ते दोन जिने उतरली. आम्ही खाटेभोवती उभे राहिलो. बायकोने पदर डोक्यावर घेतला आणि बाजूला झाली. दीर गिरणीत पाळीवर गेलेला होता. प्राध्यापक वाकले आणि मनापासून म्हणाले, "आम्ही तुम्हाला आधीच विचारायला हवं होतं. आमचं चुकलं. तुम्हाला काय म्हणायचंय?"

त्याने एकेकाकडे नीट पाहिलं आणि बोलायला सुरुवात केली. ओठ भराभर हलत होते. मध्येच त्याने बायकोकडे बोट केलं, मग खिडकीबाहेर, मग आमच्याकडे. बरंच काही सांगत होता. आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. अधीक्षकांनी उशाजवळची पाटी उचलून त्याच्या मांडीवर ठेवली. त्याला अक्षर येत नाही हे मी त्यांना सांगितलेलं होतं, तरी ठेवली.

बायकोने ती उचलली आणि खाली जमिनीवर ठेवून दिली.

"आता इचारूक इलात?" ती म्हणाली.

तो अजून बोलतच होता.