सूर वाजले की उभं राहायचं: शारजा ते उम्म अल कुवैन

"दादा, तू सभेतली हजार माणसं उठवतोस नि बसवतोस. माझ्या एका पोरीला समजव ना!"

शारजाहून धाकट्या बहिणीचा, सुनंदाचा, हा फोन आला तो २००३ च्या नोव्हेंबरात. तिचे यजमान विलासराव तिकडे एसीच्या डक्टिंगची कामं घेणाऱ्या एका कंपनीत सुपरवायझर. मार्चमध्ये नोकरी संपणार, नोकरीबरोबर व्हिसा संपणार आणि तिघं कायमची सांगलीला परतणार. हे कळल्यापासून तेरा वर्षांच्या रेवतीने घरात अबोला धरला होता. तिचा जन्म तिकडचा. सांगली म्हणजे तिच्या लेखी सुट्टीतला उकाडा आणि डास.

मी आयुष्यभर व्याख्यानमालांतून गरजत आलेला माणूस. एवढीशी पोर ती काय! विमान समुद्रावर आलं तोवर भाषण तयार होतं. मातृभूमी, मातृभाषा, मुळं. टाळ्यांच्या जागासुद्धा ठरल्या होत्या.

जाणाऱ्यांनी नोव्हेंबरअखेरीलाच जावं. ऊन सोसण्यासारखं असतं आणि संध्याकाळी पातळ स्वेटर पुरतो. मुंबईहून शारजा तीन तासांच्या आत येतं. बहिणीचं घर अल नहदात, म्हणजे शारजाच्या अगदी काठावर. गॅलरीतून दिसणारा पलीकडचा रस्ता दुबईचा. सकाळी त्या रस्त्यावर मोटारी अशा खोळंबतात की दुबईला निघालेला माणूस वाटेत वर्तमानपत्र वाचून संपवतो. आपण पाहुणे आहोत, तेव्हा दहानंतर निघावं.

पहिल्याच संध्याकाळी एक गंमत झाली. आम्ही पुऱ्या-बटाट्याची भाजी खात बसलो होतो. दोन डिसेंबरचा त्यांचा राष्ट्रीय दिन जवळ आला होता, त्यामुळे टीव्हीवर कुठल्याशा समारंभात तिथलं राष्ट्रगीत सुरू झालं. ताटं खाली ठेवून तिघंही उठली. विलासराव तर परेडला असावेत तसे ताठ. मीही उठलो, हातात अर्धी पुरी.

"घरातसुद्धा?" सूर थांबल्यावर मी विचारलं.

"सवय आहे हो दादा," विलासराव म्हणाले. "मी आलो तेव्हा इथे कोणाला ओळखत नव्हतो. रूमवर आम्ही आठ जण. टीव्हीवर हे सूर वाजले की सगळे उठायचे. मल्याळी, पठाण, मी. कोणी सांगितलं नव्हतं."

"पण तुम्ही म्हणत नव्हता. फक्त रेवती म्हणत होती."

"तेव्हा शब्द कुठे होते?"

आणि इथे माझ्यातला वाचक जागा झाला. हा देश १९७१ मध्ये एकत्र आला तेव्हा राष्ट्रगीताचे नुसते सूर आले. शब्द आले १९९६ मध्ये. पंचवीस वर्षं एक देश ओठ मिटून आपल्या राष्ट्रगीतासाठी उभा होता! मी रेवतीला ऐकू जाईल अशा बेताने सुरू झालो. स्पेनच्या राष्ट्रगीताला अधिकृत शब्दच नाहीत. इंग्लंडात राजा जाऊन राणी आली की राजगीतातला राजा पुसून राणी बसते; माणूस बदलला की प्रार्थना बदलते. इथे सात अमिरातींचे शेख, पण गीत एका राजाचं नाही, भूमीचं आणि झेंड्याचं...

"दादा, भाजी गार होतेय," सुनंदा म्हणाली.

रेवती ताट घेऊन आत गेली. जाताना एवढंच बोलली, "आय वॉज इन केजी, मामा. आम्हाला टीचरने फर्स्ट टाइम वर्ड्स शिकवले. मी घरी येऊन बाबांना शिकवले. बट ही स्टिल डझन्ट सिंग."

हे अबोल्यातलं तिचं पहिलं वाक्य होतं, असं सुनंदाने मला नंतर स्वयंपाकघरात सांगितलं.

दुसरा दिवस दुबईच्या खाडीवर गेला. अब्रा नावाची लाकडी होडी पलीकडे नेते. भाडं अर्धा दिरहम. "म्हणजे सहा रुपये!" मी मोठ्याने म्हणालो आणि शेजारचा कोझिकोडचा गृहस्थ हसला. "हिसाब मत करो साब, नहीं तो चाय भी नहीं पी सकोगे." चहा मात्र पिऊन बघाच, टपरीवरचा, वेलदोड्याचा, आटवून दाट केलेला.

शुक्रवारी विलासरावांना सुट्टी. अजमान मागे टाकून आम्ही किनाऱ्याच्या रस्त्याने उम्म अल कुवैनला गेलो. गर्दीचा कंटाळा आलेल्याने इथे यावं. जुना किल्ला आता संग्रहालय झालाय, तासाभरात बघून होतो. पण खरं बघायचं ते खाजणातलं उथळ पाणी, तिवरांची झुडपं आणि एका पायावर उभे रोहित पक्षी. नवरा-बायको गाडीतून डबे काढू लागले आणि सुनंदाने मला डोळ्याने खुणावलं. बोल आता.

मी रेवतीच्या शेजारी वाळूत बसलो. घसा साफ केला.

"डोन्ट, मामा. मला माहितीये तुम्ही का आलात."

"बरं. मग तूच बोल."

ती पाण्याकडे बघत राहिली. "सोमवारी स्कूलमध्ये नॅशनल डे आहे. मी लीड करतेय. पूर्ण स्कूल माझ्या मागून म्हणणार. त्यात 'माझा देश' असे वर्ड्स आहेत. मी केजीपासून म्हणतेय. आणि मार्चमध्ये खलास?" मग तिने मान वळवून विचारलं, "सांगलीला मी हे म्हटलं, तर कोण उभं राहील?"

टाळ्यांच्या सगळ्या जागा कोरड्या पडल्या. खरं सांगायचं तर मला संताप आला होता, तिचा नव्हे. ज्या लेकराच्या तोंडी या देशाने 'माझा देश' घातला, त्याचा मुक्काम बापाच्या नोकरीवर टांगता ठेवायचा, हा कुठला न्याय? हे मी तिथेच, चढ्या आवाजात म्हणालो. रोहित पक्षी दचकले असावेत.

"दादा, हळू," डबा घेऊन आलेले विलासराव म्हणाले. "ज्या भूमीने घर चालवलं तिला बोल लावू नका. मी पोटासाठी आलो होतो, ते भरलं. गाणं वर मिळालं."

"तुम्हाला मिळालं, बाबा," रेवती म्हणाली. "माझं ते आधीपासूनच होतं."

मग मी तिला माझ्या वडिलांची, तिच्या आजोबांची, गोष्ट सांगितली. ते एका छोट्या संस्थानातल्या शाळेत शिकले. रोज सकाळी मुलं महाराजांचं स्तवन म्हणायची. थोरले महाराज गेले, गादीवर धाकटे आले. मास्तरांनी गाण्यातलं नाव बदलून दिलं. काही मुलं कितीतरी दिवस जुनंच नाव म्हणून छड्या खात. पुढे संस्थान विलीन झालं आणि अख्खं गाणंच गेलं. त्याच्या जागी आपलं राष्ट्रगीत आलं. आजोबा ते छाती भरून म्हणत. पण दाढी करताना गुणगुणत ते जुनंच, आणि थोरल्या महाराजांच्या नावानं.

"अलाउड होतं?"

"दाढी करताना कोण विचारतो?"

ती हसली. "सो ही हॅड टू."

"दोन होती. भांडली नाहीत कधी."

"यल्ला, चला, जेवा आता," सुनंदा म्हणाली. माझं भाषण झालंच नाही, हे तिला अजून माहीत नाही.

सोमवारी शाळेच्या पटांगणात पालकांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या. शाळा भारतीय, म्हणून आधी त्यांचं राष्ट्रगीत, मग आपलं. रेवती माइकसमोर उभी राहिली. अरबी मला येत नाही, पण ओळ शेवटपर्यंत नेऊन अलगद खाली ठेवणारा गळा कळायला भाषा लागत नाही. मी विलासरावांकडे पाहिलं. परेडसारखे ताठ, ओठ मिटलेले. शेवटच्या ओळीला मात्र ते हलले. आवाज निघाला की नाही, देव जाणे. पण माइकजवळच्या पोरीने ते बरोबर पाहिलं. तिचा सूर क्षणभर हलला आणि पुन्हा सावरला. मग आपलं राष्ट्रगीत झालं, तेही तिने तितक्याच जिवाने म्हटलं.

परतीला मी खजूर, केशर आणि न केलेलं भाषण घेऊन आलो. तिकडे जाणाऱ्याने काय बघावं, असं लोक विचारतात. मनोरे बघा, बाजार बघा, खाजणातले पक्षी जरूर बघा. पण तिथे वाढलेल्या एखाद्या मराठी पोराला 'तुझं गाव कोणतं?' विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

मार्चमध्ये ती तिघं आली. घर मिळेपर्यंत सांगलीत आमच्याकडेच राहिली, मग दोन गल्ल्या सोडून. रेवतीला डास चावले, मराठीच्या पेपरात कमी गुण मिळाले, मैत्रिणी मिळाल्या. सांगलीवर ती अजून पुरती खूश नाही, हेही लिहून ठेवतो.

पुढच्या डिसेंबरच्या दोन तारखेला ती सकाळीच आमच्याकडे आली होती. ओट्यापाशी मामीला मटार सोलून देत होती. मी बाहेर वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो. आतून हलके सूर आले, आणि मग शब्द.

मी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि उभा राहिलो.

दारातून तिने पाहिलं. सोललेले मटार मुठीत तसेच. "मामा, बसा ना. मीच आहे."

"तू थांबू नकोस," मी म्हणालो.

तिने पुढची ओळ घेतली. आता आवाज मोठा होता.