इराच्या बोटावरचं शिसं

मासेमारीच्या जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या, त्या ओतायचे साचे, शिसं वितळवायची शेगडी, धूर ओढणारा पंखा. मंडळी, हे सगळं मी कुणाकडेही न शिकता स्वतःच्या हातांनी बनवलंय, भाईंदर पश्चिमेला घरामागच्या शेडमध्ये.

मागे एका शिबिरात तीन वर्षांच्या नातीचं, इराचं, रक्त बोटाला टोचून तपासलं. शिसं फार जास्त निघालं. सूनबाई माझ्याशी बोलेनाशी झाली.

खात्रीसाठी पुन्हा तपासायला गेलो, तेव्हा लॅबमधल्या ताईंनी विचारलं, "काका, टोचण्याआधी तिचे हात साबणाने धुतले होते?"

नव्हते. ती शेडमध्ये गोळ्यांशी खेळून थेट शिबिरात आली होती आणि बोटावर फक्त स्पिरिट लावलं होतं. त्याने शिशाची धूळ निघत नाही, ती बोटावरून रक्ताच्या थेंबात मिसळते, असं ताई म्हणाल्या. ताईंनी हात धुऊन दंडाच्या शिरेतून रक्त घेतलं.

आज रिपोर्ट आला. शिसं आहे, पण पहिल्यापेक्षा बरंच कमी. डॉक्टर म्हणाले, "औषध नको. शेड बंद ठेवा, हा आकडा उतरेल."

घरी येताना सूनबाई म्हणाली, "बाबा, तुमच्या पंख्याने धूर ओढला हो. कपड्यांवरची धूळ कोण ओढणार?" म्हणजे बोलायला लागली.

तुमच्यापैकी कुणी घरात शिशाचं काम करतं का? मुलांची तपासणी केलीत?

संध्याकाळी जवळच्या डोंगरी गावातले नाखवा, म्हणजे मासेमारी बोटीचे मालक, आले. त्यांना शंभर किलो गोळ्या हव्या होत्या. मी नकार दिला, तर म्हणाले, "मंग जाल्याला काय दगड बांधू?"

रोख तीस हजार देत होते.